पान नको, रेघ चालेल : वीगन बारच्या पाकिटाच्या नोंदी

6 जानेवारी

पहिली बैठक. समोर ताई आणि त्यांचा भागीदार. माल दोनच. एक ओट्स, खजूर आणि बदामाचा 45 ग्रॅमचा बार, दुसरं काचेच्या बरणीतलं काजूचं स्प्रेड. दूध नाही, लोणी नाही, मधही नाही. माझ्याकडून हवंय ते असं : लोगो, बारचं पाकीट, बारा बारांचा खोका, बरणीचं लेबल.

‘सगळं पर्यावरणपूरक पाहिजे’ हे वाक्य तासाभरात सहा वेळा आलं. दर वेळी मी वहीत एकच प्रश्न लिहिला : रिकामं झालेलं पाकीट जाणार कुठे? उत्तर कोणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नाही.

ब्रँडचं नाव या नोंदींत लिहायचं नाही, करारात तसं आहे. तीन अक्षरी, देवनागरीत, मधल्या अक्षराला वेलांटी. एवढं पुरे.

9 जानेवारी

वीगन खाण्याच्या ब्रँडचे चाळीस लोगो छापून भिंतीवर लावले आणि चष्मा काढून लांबून पाहिले. हिरवं, पोपटी, हिरवं, पुन्हा हिरवं. इंग्रजी व्हीच्या टोकाला पालवी फुटलेले तर इतके, की दोन वेगळ्या कंपन्यांचे लोगो मी एकाचेच दोन प्रकार समजून शेजारी शेजारी लावले होते.

‘वीगन’ हा शब्दच मुळात कात्रीने केलेला आहे. 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ची सुरुवात आणि शेवट घेतला, मधलं सगळं टाकून दिलं. चाळीसांतल्या एकालाही यावर काही सुचलं नाही. सगळ्यांना पानच सुचलं.

12 जानेवारी

फोनवर ताई : ‘पान नसेल तर लोकांना कळणार कसं?’

मी सांगितलं, प्रमाणपत्राचं चिन्ह पाकिटावर येणारच आहे. वीगन सोसायटीचं घेतलंत तर त्यात सूर्यफूल आहे. व्ही-लेबलचं घेतलंत तर पिवळ्या चिन्हात व्ही आहे आणि त्याला पानही आहे. त्यावर आपलंही पान आलं की पाकिटाची बाग होते. चिन्ह प्रकार सांगेल, लोगोने नाव सांगावं.

‘बघू’ म्हणाल्या. म्हणजे नाही. पण फोन ठेवताना आवाज नाराज नव्हता.

17 जानेवारी

पाकिटाच्या मटेरियलचे नमुने आले. एका पुरवठादाराची फिल्म, वर ठळक ‘जैवविघटनशील’. हाताला साधं प्लास्टिक. कागदपत्रं मागितली तर एका मिश्रणाची माहिती आली. ऑक्सो प्रकार. साध्या प्लास्टिकमध्ये असं काही घालतात की हवा-उन्हाने त्याचे बारीक तुकडे पडावेत. तुकडे पडणं आणि कुजणं यांत फरक आहे. युरोपीय संघाने ही जात जुलै 2021 पासून बंदच केली. नमुना बाजूला.

दुसऱ्याचा ‘तेल न झिरपणारा कागद’. त्यावर तेलाचा थेंब टाकला. थेंब पसरलाही नाही, झिरपलाही नाही, अळवावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहिला. तेल असं उभं राहिलं की फ्लोरीनयुक्त लेप असल्याची शंका घ्यायची. निसर्गात जवळपास मोडतच नाही असं ते रसायन. डेन्मार्कने 2020 मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांतून ते हद्दपार केलं. ही घरगुती चाचणी म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून लेखी विचारलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं ते दुसऱ्याच कागदाचं दरपत्रक.

19 जानेवारी

बार पाच प्रकारच्या पाकिटांत भरून खिडकीत ठेवले. साधा कागद, ग्लासिन कागद, पीएलए फिल्म (पिकांच्या स्टार्च-साखरेपासूनचं प्लास्टिक), कागद अधिक धातूचा मुलामा दिलेली सेल्युलोज फिल्म आणि तुलनेसाठी नेहमीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. शेजारी स्वयंपाकघरातला नाजूक वजनकाटा आणि वही. प्रयोगशाळेतली चाचणी पुढे होईलच. मला फक्त शत्रू कोण आहे ते बघायचंय.

शत्रू दोन आहेत. बारमधला ओलावा बाहेर जातो आणि बार विटेसारखा होतो. बाहेरचा ऑक्सिजन आत येतो आणि बदामाचं तेल खवट होतं.

22 जानेवारी

लोगोची पहिली खरी कल्पना. शिरोरेखा आडवी, लांब, जाड. बारही आडवा, लांब, जाड. मग रेघ म्हणजेच बार. रेघेच्या उजव्या टोकाला घास घेतलेला.

भागीदार लगेच म्हणाला, ‘सफरचंद.’

बरोबर. 1977 मध्ये रॉब जेनॉफ यांनी सफरचंदाला घास घेतला तो आकार लहान झाला तरी ते चेरी वाटू नये म्हणून. म्हणजे तिथे घासाला काम होतं. माझ्या घासाला काम नाही, तो नुसता गोड दिसतोय. खोडला. रेघ मात्र ठेवली.

24 जानेवारी

आजची नोंद लांबणार.

खोक्याचा नमुना घ्यायला गेले. खोकेवाल्या काकांनी भेटवस्तूसाठी म्हणून एक जाड पुठ्ठ्याची देखणी पेटीही करून ठेवली होती. कोपरे असे धारदार की हात लावायला भीती वाटावी. कशाने चिकटवलीत म्हणून सहज विचारलं. ‘सरस. कडक पेटीला सरसासारखं दुसरं काही नाही.’

सरस म्हणजे कातडी आणि हाडं उकळून काढलेला डिंक. वीगन खाणं, आणि त्याची पेटी हाडांच्या रसाने जोडलेली.

काकांना हसू आलं, मला घाम. कारण एकदा हा धागा ओढला की संपत नाही. घरी येऊन यादी केली. पाण्यावरच्या शायांत आणि चकचकीत लेपांत लाख असू शकते, आणि लाख हा किड्याचा स्राव. काचेच्या बाटल्यांच्या लेबलांचा डिंक बऱ्याचदा केसीनचा असतो, म्हणजे दुधाचा. काळ्या रंगद्रव्यांत एक जात हाडं जाळून केलेली आहे. छपाईतला नेहमीचा काळा खनिज तेलापासूनचा काजळी-काळा असतो, तरी विचारलेलं बरं. फिल्म रोलवरून सुळकन सरकावी म्हणून त्यात घालतात ती स्टिअरेट्स वनस्पतीची असतात किंवा चरबीची.

ताईंना फोन केला. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग : ‘आपण पाकिटावर वीगन लिहितो, ते पाकिटाबद्दलही खरं पाहिजे.’

कायद्याने ते लागत नसेल, कारण दावा आतल्या मालाचा असतो. पण मला हे वाक्य आवडलं. संपूर्ण प्रकल्पाची अट एका ओळीत मिळाली. ‘पर्यावरणपूरक’सारखी वाऱ्यावर सोडलेली नाही, तपासता येणारी.

25 जानेवारी

सगळ्या पुरवठादारांना तेच पाच प्रश्न. शाई, डिंक, लेप, सरकपणासाठीचं द्रव्य, कागदाची चिकी (म्हणजे त्याला दिलेली खळ) : यांत प्राणिजन्य काही आहे का? लेखी उत्तर हवं.

3 फेब्रुवारी

उत्तरं. दोघांनी नीट लिहून दिलं. एकाने ‘आमचा माल शंभर टक्के नैसर्गिक आहे’ असं कळवलं. हाडंही नैसर्गिकच असतात. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘माहीत नाही, आमच्या पुरवठादाराला विचारतो.’ हा माणूस मला सगळ्यांत जास्त पटला, पुढचं काम त्याच्याशीच करायचं ठरवलं.

8 फेब्रुवारी

खिडकीतले बार. तीन आठवडे झाले.

साध्या कागदातला चावताना दात जपावे लागतात. ग्लासिनने तेलाचा डाग बाहेर येऊ दिला नाही. त्याचा दाबून दाबून गुळगुळीत केलेला पोत तेलाला अडवतो, कुठलाही लेप न लावता. पण ओलावा त्यातूनही गेलाच. पीएलएकडून माझी फार अपेक्षा होती. दिसायला काचेसारखी स्वच्छ, पण ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही अडवण्यात कच्ची. शिवाय साठएक अंशांना नरम पडते, आणि उन्हात उभ्या बंद टेम्पोत तेवढं तापमान होणं कठीण नाही. सेल्युलोजवालं पाकीट पॉलिप्रॉपिलीनच्या जवळ पोचलं. बरोबरीला नाही, जवळ.

सेल्युलोज फिल्म ही काही नवी हुशारी नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅक ब्रँडनबर्गर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने केलेलं सेलोफेनच ते, लाकडाच्या लगद्यापासूनचं. आता त्यावर ओलावा अडवायला लेप असतो, किंवा ॲल्युमिनियमचा इतका पातळ थर की तो मायक्रोमीटरच्याही छोट्या अंशात मोजतात. चमक बघून लोक त्याला प्लास्टिक समजतील, हा माझा प्रश्न.

10 फेब्रुवारी

भागीदाराशी वाद, चांगल्या अर्थाने. त्याचं म्हणणं : एकाच जातीचं पॉलिप्रॉपिलीन वापरा. हलकं आहे, सहा महिने बार ताजा ठेवतं, आणि जिथे गोळा होतं तिथे पुन्हा वितळवता येतं. बार खवट होऊन फेकला तर बदामाला घातलेलं पाणी, भट्टीची वीज, वाहतूक, सगळं वाया. पाकिटाच्या पर्यावरणापेक्षा बारचं पर्यावरण मोठं.

हे खरं आहे. उलट बाजूही त्याने सांगितली, मी सांगायच्या आधी : खत होणारं पाकीट कचराडेपोत गाडलं गेलं तर हवेविना सडून मिथेन सोडू शकतं, आणि प्लास्टिकच्या पुनर्वापरात मिसळलं तर तो लॉट बिघडवतं.

मग ‘खत होणारं’ म्हणजे काय तेही टेबलावर मांडलं. युरोपच्या ईएन 13432 या मानकाच्या चाचणीची भट्टी साधारण 58 अंशांची. तिथे बारा आठवड्यांनी चाळून बघतात, दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, आणि सहा महिन्यांत नव्वद टक्के जैवविघटन व्हायला हवं. हे सगळं मोठ्या कारखान्यातलं. घरच्या खताच्या डब्यात एवढी ऊब कुठली? घरगुती खतासाठीचं प्रमाणपत्र वेगळं असतं, त्यात 20 ते 30 अंश आणि बारा महिने. पीएलए पहिल्यात पास होते, म्हणून ती घरच्या डब्यात कुजेल असं नाही. पाकिटावर नुसतं ‘कंपोस्टेबल’ लिहिणारे हा फरक गिळून टाकतात.

ठरलं ते असं. मुदत सहाऐवजी चार महिने, लॉट लहान, विक्री शक्यतो थेट ग्राहकाला. पाकीट कागद आणि सेल्युलोजचं, घरगुती खताचं प्रमाणपत्र असलेलं. भागीदाराने ‘मला पूर्ण पटलेलं नाही’ असं बैठकीच्या नोंदीत लिहायला लावलं. लिहिलं.

11 फेब्रुवारी

गॅलरीत खताची बादली सुरू केली. त्याच कागद-सेल्युलोजच्या पाकिटाचे दहा तुकडे, ओला कचरा, कोरडी पानं. प्रमाणपत्र कागदावर आहे, मला डोळ्यांनी बघायचंय.

17 फेब्रुवारी

लोगो. शिरोरेखेत मध्ये फट ठेवली. पाकिटाला तिथेच खाच, म्हणजे लोगो जिथे तुटलाय तिथून पाकीट फाडायचं. इतकी खूश झाले की रात्री अकराला ताईंना चित्र पाठवलं. अकरा वाजून दोन मिनिटांनी उत्तर : ‘पान विसरले मी.’

20 फेब्रुवारी

खुशी तीन दिवस टिकली. पॅकिंग मशीनवरच्या माणसाने चित्र बघितलं आणि विचारलं, ‘ही फट दर पाकिटाला याच जागी येईल असं कोण म्हणालं?’

बार आडवा पुढे सरकतो, रोल त्याच्याभोवती गुंडाळला जातो, मागे शिवण बसते, मग दोन्ही टोकं दाबून कापली जातात. कुठे कापायचं ते मशीन छापलेल्या आय-मार्कवरून, म्हणजे रोलवरच्या छोट्या खुणेवरून ओळखतं, तरी कापाची जागा एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे होतेच. माझी फटच दोन मिलिमीटरची. खाच एकीकडे, फट दुसरीकडे. बघणाऱ्याला ती कल्पना न दिसता छपाईतली चूक दिसणार.

तासभर त्याच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिले. रोल धावताना त्याच्यावरची सरळ पट्टी हलत नाही. दिसतच नाही हललेली. धावण्याच्या दिशेने असलेली अखंड रेघ कुठेही कापली तरी तीच रेघ असते.

शिरोरेखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. दातेरी कडेपर्यंत. आणि फाडायचं तिच्यावरूनच.

कागद त्याच्या तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की वाकडा जातो. वर्तमानपत्र उभं आणि आडवं फाडून बघितलेल्या कोणालाही हे माहीत आहे. रोलवरच्या कागदाचे तंतू बहुतेक रोल धावतो त्याच दिशेला असतात, म्हणजे बारच्या लांबीला, म्हणजे माझ्या रेघेला समांतर. दातेरी कडेच्या खाचेत बोट घालून ओढलं की चीर रेघेच्या बाजूने जाईल. हे सगळं आधीच तिथे होतं, मी फक्त स्टुलावर बसले.

26 फेब्रुवारी

रंग. ताईंना हिरवं हवंय आणि कागद तपकिरी हवाय. तपकिरी दिसला की लोकांना नैसर्गिक वाटतं. एकाने तर तपकिरी कागदाचा पोत छापलेली प्लास्टिक फिल्म दाखवली. मी ती वहीत चिकटवून खाली तारीख टाकली, पुढे कधी चिडायचं असेल तेव्हा उपयोगी पडेल.

तपकिरी कागद पुनर्वापराचाच असतो असं नाही. आणि पुनर्वापराच्या कागदात जुन्या वर्तमानपत्री शायांतलं खनिज तेल राहिलेलं असतं, ते खाण्यात उतरू शकतं. म्हणून बारला लागणारा कागद ताज्या लगद्याचा, जबाबदार जंगलाचं प्रमाणपत्र असलेला. पुनर्वापराचा पुठ्ठा बाहेरच्या खोक्याला, मध्ये पाकिटाची भिंत असताना.

पूर्ण पाकीट हिरवं रंगवायचा हट्ट मात्र एका आकड्याने सुटला. ईएन 13432 मध्ये एखादा सेंद्रिय घटक वजनाने एक टक्क्याहून कमी असेल तर त्याच्या कुजण्याचा वेगळा पुरावा लागत नाही. पण अशा सगळ्या घटकांची बेरीज पाच टक्क्यांच्या आत हवी. शाई आणि डिंक याच हिशेबात येतात. पाकीटभर शाईचा थर म्हणजे ती जागा आपण रंगात उधळली. ताई हिशेबाच्या पक्क्या आहेत, लगेच म्हणाल्या, ‘मग कागदच दिसू दे.’

दोनच शाया. रेघ तांबडी, मातकट. दुसरी अजून ठरायची.

2 मार्च

दुसरी शाई बारकोडने ठरवली. दुकानातल्या बऱ्याच स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्यामुळे तांबड्या रेघा त्याला पांढऱ्याच दिसतात. माझ्या मातकट तांबड्यात बारकोड छापला असता तर रोकडा गोंधळ. लाल उजेडात काळं दिसेल असं हवं : काळा, गडद निळा किंवा गडद हिरवा.

गडद हिरवा.

ताईंना कळवलं, ‘तुमचं हिरवं आलं, बारकोडच्या वशिल्याने.’ अक्षरंही त्याच शाईत.

बारकोडचं मूळ माप 37.29 गुणिले 25.93 मिलिमीटर, फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत लहान करता येतं. मागच्या शिवणीवर येता कामा नये. रेघा छपाईच्या धावण्याच्या दिशेने उभ्या, म्हणजे शाई ओढली गेली तरी रेघांची जाडी बिघडत नाही. आणि तपकिरी कागदावर फरक कमी पडतो म्हणून खाली पांढरा चौकोन लागेल, म्हणजे तिसरी शाई. कागद फिकट बदामी घेतला, चौकोन वाचला.

9 मार्च

तांबडी रेघ, तिला लटकलेली हिरवी अक्षरं. फ्लेक्सोत, म्हणजे मऊ प्लेटांनी रोलवर होणाऱ्या छपाईत, दोन शायांच्या प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. अक्षर रेघेपासून सुटलं तर कागदाची चीर दिसते, वर चढलं तर चिखल होतो.

मग मुद्दामच सोडवलं. रेघ आणि अक्षरं यांच्यात पाऊण मिलिमीटर जागा. शिरोरेखेशिवाय वाचता येतं हे गुजराती लिपी रोज दाखवतेच. इथे तर रेघ आहे, फक्त टेकलेली नाही. लांबून डोळा जोडून घेतो. प्लेट थोडी सरकली तर पाऊणचं अर्धा होईल, कोणाला कळणार नाही.

उरली वेलांटी. ती रेघेच्या वर जाते. रेघेवरून पाकीट फाडलं की वेलांटीचा फुगा वरच्या तुकड्याबरोबर जातो आणि खाली वेगळाच शब्द उरतो. तो शब्द वाईट नाही ना, हे मी, ताईंनी आणि भागीदाराने स्वतंत्रपणे तपासलं. नाही. उलट भागीदार पहिल्यांदाच खळखळून हसला. ठेवली.

15 मार्च

बरणीचं लेबल. बरणी परत घेऊन, धुऊन पुन्हा भरायची आहे, म्हणजे लेबल धुताना निघायला हवं आणि फ्रिजच्या ओलाव्यात टिकायला हवं. काचेवरच्या लेबलासाठी अगदी हेच दोन गुण ज्या डिंकात असतात तो केसीनचा. बर्फाच्या पाण्यात टिकतो, क्षाराच्या पाण्यात सुटतो. आणि दुधाचा आहे.

पुनर्वापराला जे सगळ्यांत सोयीचं, ते वीगन नाही.

स्टार्चचा डिंक वीगन, स्वस्त, कोमट पाण्यात सुटतो. पण फ्रिजमधून चार वेळा आत-बाहेर केल्यावर लेबलाचा कोपरा उचलला. केसीनविरहित डिंकाचे नमुने मागवले.

28 मार्च

दुसरा नमुना टिकला. कोपरा पक्का, गरम पाण्यात सोड्याने दहा मिनिटांत निघालं. झाकणाच्या आतली मऊ कडी मात्र नेहमीचीच, पीव्हीसीची. तिला पर्याय आत्ता सापडला नाही. ताईंना तसं सांगितलं, लपवलं नाही.

स्प्रेडला ‘काजू चीज’ म्हणायचा मोह आज कायमचा सुटला. युरोपच्या न्यायालयाने 2017 मध्ये वनस्पतीजन्य मालाला चीज, लोणी ही नावं लावू नका असा निकाल दिला. उद्या माल कुठेही जाईल, आजच ‘काजू स्प्रेड’ म्हणालेलं बरं.

4 एप्रिल

सगळ्यांत कडू बैठक. बार ज्या कारखान्यात होणार तिथे त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही होतं. म्हणजे पाकिटावर ‘दुधाचे अंश असू शकतात’ लिहावं लागणार. ताई म्हणाल्या, ‘वरती वीगन आणि खाली दूध? लोक हसतील.’

पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीगन म्हणजे आपण काय घातलं नाही. ॲलर्जीची सूचना म्हणजे चुकून काय येऊ शकतं. दुधाने ज्याचा श्वास अडकतो त्याला आपला हेतू काय होता याच्याशी देणंघेणं नाही. वीगन शब्द वाचून तोच माणूस निर्धास्त होऊन बार उचलतो. उलट वीगन पाकिटावर ही ओळ जास्त ठळक हवी.

बारीक अक्षरात टाकायची सूचना आली. मी नकार दिला. कामावरून जाऊ शकते असं वाटलं, गेले नाही. बदाम आणि ओट्स घटकांच्या यादीत ठळक, दुधाची ओळ स्वतंत्र, यादीच्या लगेच खाली.

अक्षराच्या उंचीचा युरोपीय नियम इंग्रजी एक्स या अक्षराच्या उंचीवर आहे, 1.2 मिलिमीटर. देवनागरीत एक्स नाही. मी ‘ग’ मोजला.

12 एप्रिल

खोका. डिंकच नको, म्हणजे सरसाचा प्रश्नही नको : घड्या एकमेकींत अडकून तळ बंद होतो. पहिला नमुना पोट फुगवून उभा राहिला. काकांनी बोटानेच सांगितलं, पुठ्ठ्याचे तंतू उभे गेलेत, खोक्याभोवती आडवे फिरायला हवेत. पुन्हा कापला. आता सरळ.

19 एप्रिल

पाकिटाच्या मागचा मजकूर. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ तिन्ही काढले. ताईंनी पहिल्या बैठकीत सहा वेळा म्हटलेला शब्द पाकिटावर एकदाही नाही. त्याऐवजी :

‘हे पाकीट घरच्या खताच्या डब्यात जातं. वर्षभर लागू शकतं. तुकडे करून टाका. प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकू नका.’

‘वर्षभर’ काढायचा आग्रह झाला. ठेवला. तीन महिन्यांनी डबा उघडून चमकणारे तुकडे दिसले तर माणूस आपल्याला खोटारडं समजेल.

6 मे

मशीनवर पहिली चाचणी. थंड चिकटणारा लेप नाकारावा लागला. बारसारख्या मालाला तो सोयीचा असतो, उष्णता लागत नाही, पण त्यात बहुतेक वेळा नैसर्गिक रबराचं लॅटेक्स असतं. वीगन आहे, पण लॅटेक्सची ॲलर्जी असते लोकांना. 4 एप्रिलनंतर मी दुसऱ्या ॲलर्जीकडे डोळेझाक करू शकत नाही. म्हणून गरम दाबाची शिवण. खत होणाऱ्या थराला तापमानाची मर्यादा अरुंद : थोडं कमी तर उसवतं, थोडं जास्त तर कागद करपतो. मशीनचा वेग कमी केल्यावर जमलं. वेग कमी म्हणजे खर्च जास्त; भागीदाराने माझ्याकडे न बघता आकडा लिहून घेतला.

7 मे

फाडायची चाचणी. वीस पाकिटं, वीस माणसं, काही न सांगता हातात दिली. चौदा जणांनी आपणहून रेघेवरून फाडलं. चौघांनी मधूनच ओढलं. एकाने दातांनी. एकीने पाकीट उलटं करून मागची शिवण सोडवली आणि म्हणाली, ‘किती छान उघडतं.’

30 मे

बादली उपसली. पंधरा आठवडे. दहापैकी चार तुकडे सापडले, कडा झिजलेल्या, कागद गेलेला, चमकणारा पापुद्रा हाताला लागताच चुरतोय. बाकीचे सहा कुजले की गांडुळांनी खाली नेले ते सांगता येत नाही. मे महिन्यातले छापील तुकडे आता टाकले, शाईसकट.

21 जून

पहिला लॉट बाहेर पडला. ताईंनी एक पाकीट कुरिअरने पाठवलं, आधीच उघडलेलं, बार नाही. आत चिठ्ठी : ‘चव बघायची होती.’

रेघेत एक दोष आहे. रोल आडवा किंचित सरकतो, त्यामुळे काही पाकिटांवर चीर रेघेच्या वरून न जाता खालच्या मोकळ्या जागेतून जाते आणि पहिल्या अक्षराचं टोक कापते. मशीनवाल्याचं म्हणणं, रोलचा मार्गदर्शक घट्ट करू. काकांचं म्हणणं, रेघ जाड करा. दोघांचंही करायचं. रेघ दोनऐवजी तीन मिलिमीटर. शाईच्या वजनाची बेरीज पुन्हा करायला घेतली आहे.